वाचकांचे प्रश्न : चंद्र एकच, तर पुरीम आणि होळीत महिन्याचे अंतर का?

प्रश्न : आमच्या आळीत एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील यहुदी, कुटुंब पूर्वापार राहते. त्यांच्या घरातील वडीलधारी मंडळी पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणतात आणि तो बहुधा आपल्या शिमग्याच्या आगेमागेच येतो. २०२१ साली मात्र तो महिनाभर आधीच होऊन गेला. त्यांचे सण चंद्रावरच ठरत असतील, तर ही तफावत कशी पडते?
– एक वाचक, रेवदंडा

उत्तर : तफावत चंद्रामुळे पडत नाही, अधिक मास कोणी कधी धरला, यामुळे ती पडते.

हिब्रू महिना आपल्या अमान्त महिन्याप्रमाणेच अमावास्येनंतर, नव्या चंद्राबरोबर सुरू होतो आणि २९ किंवा ३० दिवसांचा असतो. अदार महिन्याच्या १४ तारखेला येणारा पुरीम त्यामुळे पौर्णिमेला लागूनच असतो, तर निसान महिन्याच्या १५ तारखेला सुरू होणारा पेसाह, म्हणजे वल्हांडण, हा पौर्णिमेचाच सण होय. २०२४ साली गुढीपाडवा आणि निसानची पहिली तारीख हे दोन्ही ९ एप्रिलला आले होते. साहजिकच हनुमान जयंती आणि पेसाहचा पहिला दिवसही २३ एप्रिलला एकत्र आले.

अशा बारा महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून अकरा दिवसांनी लहान भरते. ही तूट भरून काढली नाही तर सण ऋतूंमधून मागे सरकत जातात. किनाऱ्यावरील मुसलमान बांधवांची ईद कधी भर पावसात, तर कधी थंडीत येते ती याचमुळे, कारण हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. यहुद्यांना तसे चालत नाही. पेसाह वसंत ऋतूतच आला पाहिजे, अशी तोराची, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची, आज्ञा आहे. प्राचीन काळी जेरुसलेमची धर्मसभा शेतातील सातू पिकू लागले आहे की नाही हे पाहून तेरावा महिना धरत असे. महिन्याचा आरंभही साक्षीदारांवर अवलंबून होता : कोर प्रत्यक्ष पाहिलेल्या दोघांची उलटतपासणी होई आणि मग डोंगरमाथ्यांवर जाळ पेटवून दूरच्या वस्त्यांना खबर दिली जाई. विरोधकांनी खोटे जाळ पेटवून घोळ घातल्यावर जासूद पाठवण्यास सुरुवात झाली. जासूद वेळेवर पोहोचू शकत नसत अशा दूरदेशी एकच सण दोन दिवस पाळण्याची प्रथा त्यातून पडली, आणि गणित पक्के झाल्यानंतरही ती सुटली नाही. सणांना निघायला कारण लागते, थांबायला कारण पुरत नाही, हेच खरे.

पुढे साक्षी आणि सातू यांची जागा गणिताने घेतली. परंपरा याचे श्रेय चौथ्या शतकातील दुसरा हिल्लेल याला देते. या गणितात १९ वर्षांचे चक्र असून त्यातील ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ ही वर्षे तेरा महिन्यांची असतात. जादा महिना नेहमी अदारच्या आधीच, ‘पहिला अदार’ म्हणून घातला जातो आणि पुरीम दुसऱ्या अदारमध्ये साजरा होतो. आपल्याकडेही १९ वर्षांत साधारण सातच अधिक मास येतात, परंतु त्यांची जागा ठरलेली नसते. ज्या चांद्र महिन्यात सूर्याचे राश्यंतर, म्हणजे संक्रांत, होत नाही तो अधिक, हा आपला नियम.

आता २०२१ चे कोडे सुटते. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०२० पासून अधिक आश्विन लागला. हिब्रू वर्ष ५७८१ हे मात्र चक्रातील पाचवे, म्हणून साधे होते. त्यामुळे आपले सण महिनाभर पुढे गेले, त्यांचे गेले नाहीत. पुरीम २६ फेब्रुवारीला, माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी झाला. २८ मार्चला इकडे होळी पेटली, तो तर त्यांच्या पेसाहचा पहिला दिवस होता. पुढचे ५७८२ हे सहावे वर्ष असल्याने त्यात जादा अदार आला आणि १७ मार्च २०२२ रोजी होळी व पुरीम पुन्हा एका दिवशी आले.

महिने जुळले तरी एखाद्या दिवसाचा फरक राहतोच. आपला दिवस सूर्योदयाने, त्यांचा सूर्यास्ताने सुरू होतो, हे एक कारण. दुसरे असे की पंचांग चंद्राची प्रत्यक्ष गती धरते, तर हिब्रू गणित २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भाग ही सरासरी धरते. येथे एका तासाचे १०८० भाग मानलेले आहेत. याशिवाय वाराचे बंधन आहे. नववर्ष, म्हणजे बेने इस्रायलांचा ‘नव्याचा सण’, रविवार, बुधवार किंवा शुक्रवारी येऊ दिला जात नाही. तो बुधवारी वा शुक्रवारी आला तर दहाव्या दिवसाचा उपवास, म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, शुक्रवारी वा रविवारी येऊन शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला, चिकटेल आणि सलग दोन दिवस चूल पेटणार नाही. शनिवारी घाणा बंद ठेवण्यावरून ज्यांना कोकणात ‘शनिवार तेली’ हे नाव पडले, त्यांच्या दृष्टीने ही अडचण किरकोळ नव्हती. रविवार टाळण्याचे कारण वेगळे, सुक्कोथ या मांडवांच्या सणाच्या सातव्या दिवशीच्या विधीसंबंधीचे आहे. वार टाळण्यासाठी हेश्वान आणि किस्लेव या दोन महिन्यांत एक दिवस कमी-जास्त केला जातो, म्हणून साधे वर्ष ३५३, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे होते.

असे अंतर पुढेही पडणार आहे. २०२६ साली आपल्याकडे १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे, तर त्यांचा जादा अदार २०२७ च्या आरंभी येईल. म्हणून नव्याचा सण १२ सप्टेंबर २०२६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दोनच दिवस आधी येईल आणि एरवी त्याच्या आसपास होणारी घटस्थापना ११ ऑक्टोबरपर्यंत लांबेल. मार्च २०२७ मध्ये मात्र होळी आणि पुरीम पुन्हा एकाच पौर्णिमेच्या सुमारास असतील.