शरद ऋतूत रहस्यकादंबऱ्याही वाचायच्या आणि लिहायलाही वेळ काढायचा, हे कसं जमवता?

पाऊस सरला, हवा मोकळी झाली की रहस्यकादंबरी हातातून सुटत नाही आणि स्वतःचं लिखाण मागं पडतं, असं तुम्ही लिहिलंय. मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. आमच्याकडे शरद म्हणजे फळछाटणी, वर्षातला सगळ्यात धावपळीचा काळ. तरी माझ्या बहुतेक कथा मी याच दिवसांत लिहिल्या आणि सगळ्यात जास्त रहस्यकादंबऱ्याही याच दिवसांत वाचल्या.

वाचन रात्री. ज्या आठवड्यात शेतीला रात्रपाळीची लाईट असते, त्या आठवड्यात मी मोटारीच्या खोलीत बसून वाचतो. ड्रिपचे वॉल्व्ह बदलायला दर थोड्या वेळानं उठावं लागतं, त्यामुळे छोट्या प्रकरणांची कादंबरी बरी पडते. बाहेर आश्विनातलं चांदणं असतं, पानांवर दव उतरत असतं. हे दव आम्हाला नको असतं, डावणी या बुरशीच्या रोगाला आमंत्रणच ते. पण वाचायला इतका शांत वेळ वर्षात दुसरा मिळत नाही.

आता माझी मुख्य सवय सांगतो. शेवटची दोन प्रकरणं राहिली की मी पुस्तक मिटतो. वहीत लिहून काढतो : कुणी केलं, का केलं, आणि मला हे कुठल्या पानावरून वाटलं. दोन रात्री तरी पुस्तक पुन्हा उघडत नाही. अवघड जातं, पण करून बघा. हे लिहिणं म्हणजेच लिखाणाचा सराव आहे. त्यातही माझा अंदाज चुकला तर मला जास्त आनंद होतो, कारण तो चुकलेला उलगडा त्या लेखकाचा नसतो, माझा असतो. माझ्या दोन कथा अशाच चुकलेल्या अंदाजांतून आल्या. माणसं बदलली, गाव बदललं, गुन्हा बदलला. गुन्ह्यामागचं कारण तेवढं वहीतलं राहिलं.

मग पुस्तक संपवायचं आणि पहिली पन्नासेक पानं परत वाचायची. हे मी बागेतून शिकलो. आमच्या वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलला खरडछाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. ऑक्टोबरात जो घड बाहेर दिसतो तो ऑक्टोबरात तयार झालेला नसतो. खरडछाटणीनंतर जी नवी काडी वाढते, तिच्या डोळ्यात, म्हणजे जिथून फूट निघते त्या कोंबात, तो तेव्हाच सूक्ष्म रूपात धरतो आणि पुढं काही महिने आत तसाच राहतो. बाहेरून सगळे डोळे सारखेच. म्हणून फळछाटणीआधी काड्या नेऊन डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. कितव्या डोळ्यात घड आहे ते बघून त्याच्या पुढं कात्री मारायची. अलीकडं मारली तर तो घड गेलाच. चांगल्या रहस्यकादंबरीत तिसाव्या पानावर कुणीतरी सहज छत्री विसरून जातं, ती छत्री असाच डोळा असते. दुसऱ्या वाचनात तो शोधायचा. लेखकानं तो कुठं ठेवला, त्याच्या आजूबाजूला काय ठेवून आपलं लक्ष वळवलं, हे एकदा दिसलं की आपल्या कथेत तो कुठं ठेवावा हे हळूहळू कळायला लागतं.

लिहायला बसतो पहाटे पाच ते पावणेसहा, छाटणीची टोळी यायच्या आत. पाऊस होऊन गेला असेल तर तेही नाही, आधी फवारणी. त्या दिवसांत मी लिहीत नाही, पण कथा थांबत नाही. छाटलेल्या काडीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावताना हात एकाच लयीत चालतात आणि डोकं मोकळं असतं. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडातल्या टॉर्की गावच्या रुग्णालयात औषधं बनवायच्या कामावर होत्या. काम नसेल तेव्हा नुसतं बसून राहावं लागे, त्या वेळात त्यांनी आपल्या पहिल्या रहस्यकादंबरीची जुळवाजुळव केली. पुढं पंधरा दिवसांच्या सुट्टीत डार्टमूरच्या माळावर गेल्या, सकाळी लिहायचं आणि दुपारी चालत चालत पात्रांचे संवाद स्वतःशीच बोलायचे. अशानं ती पुरी झाली. अनेक प्रकाशकांनी नाकारल्यावर 1920 साली छापली गेली.

इंग्रजी रहस्यकादंबरीकार पी. डी. जेम्स यांचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. नवरा आजारी, दोन मुली, रुग्णालयाच्या प्रशासनातली नोकरी. त्या कामावर जायच्या आधी पहाटे उठून लिहीत. पहिली कादंबरी 1962 साली आली, तेव्हा त्या बेचाळिशीच्या आसपास होत्या. आपल्या बाबुराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या हे खरं, पण ते माप स्वतःला लावून घेऊ नका.

दिवाळी अंकाचीही घाई नको. 1909 साली 'मनोरंजन' मासिकानं सुरू केलेली ही परंपरा मला फार प्रिय आहे, पण संपादकांना कथा पावसाळ्यातच हवी असते. आता लिहिलेलं पुढच्या दिवाळीला. त्यामुळे या दिवसांत पहिला खर्डा झाला तरी भरपूर आहे. दिवाळीत नवे अंक घरी आले की लिखाण चार दिवस खुशाल बंद ठेवा आणि वाचा.

माझी बाग या आठवड्यात पोंग्यात आहे, म्हणजे डोळे फुगून फुटायला लागलेत. यंदाच्या कथेत विहिरीवरची वही कुणी पळवली ते मला ठाऊक आहे; ते सुरुवातीला कुठं लपवायचं एवढं अजून जमलेलं नाही. उद्या आभाळ मोकळं राहिलं तर पाचला बसेन.