दुधीचं फूल तिन्हीसांजेला उमलतं
(वाचकांचे प्रश्न : परसबाग आणि गच्ची)

होळीनंतरच्या पत्रांत एक तक्रार दर वर्षी असते. वसंतात बागा फुलतात म्हणतात, मग आमची का कोमेजते? माझी गच्ची सोलापुरात आहे. एप्रिलच्या दुपारी तिथे अनवाणी पाय ठेववत नाही. १४ वर्षं त्याच स्लॅबवर भाजी करते आहे, म्हणून ठामपणे सांगते : आपल्याकडे पेरणीच्या कामाचा वसंत माघ-फाल्गुनातच उरकतो. चैत्र लागला की पुढचं सगळं ऊन ठरवतं. तेव्हा आता लावायचं ते उन्हात रमणारं असावं. भेंडी, गवार, चवळी, दुधी, दोडका, तांदुळजा, माठ, मायाळू. टोमॅटोचा हट्ट नको. दिवस-रात्र उकाडा राहिला की त्याची फुलं गळतात. मी पाडव्याला आठ रोपं लावली होती, त्यांना मिळून चार टोमॅटो आले.

दुधीच्या वेलाला महिनाभर फुलं येताहेत. मागे बोटाएवढे दुधीही दिसतात, पण पिवळे पडून गळतात. शेणखत, गांडूळखत दोन्ही घातलं. अजून काय घालू? आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. (कोल्हापूर)

ताई, आता काहीही घालू नका. तुमचा वेल उपाशी नाही, त्याच्या फुलांवर परागकण पोचत नाहीत एवढंच. खत वाढवत गेलात तर पानं माजतील आणि फळं आणखी लांबतील.

दुधीचं पांढरं फूल तिन्हीसांजेला उमलतं आणि सकाळपर्यंत मलूल होतं. त्यावर रात्रीचे पतंग येतात. चौथ्या मजल्यावर ते आले तर आले. म्हणून ते काम आपण करायचं. देवापाशी दिवा लावून झाला की वेलाकडे जा. ज्या फुलामागे लव असलेला इवलासा दुधी आहे ते मादी फूल, ज्याच्यामागे नुसता बारीक देठ आहे ते नर. नर फूल देठासकट खुडा, पाकळ्या सोलून टाका आणि मधला पिवळा परागकोश मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवा. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. देठाला दोरा बांधून ठेवा, म्हणजे कुठलं झालं ते कळतं. फळ धरलं असेल तर दोन-तीन दिवसांत ते फुगायला लागतं. साधारण पंधरवड्यात काढायला येतं. नख सहज रुतलं पाहिजे.

दोडकाही संध्याकाळचाच. काकडी, कारलं आणि लाल भोपळा मात्र सकाळी उमलतात, त्यांच्याकडे चहाच्या आधी जायचं. वेल नवा असताना आठ-दहा दिवस नुसती नर फुलं येतात, त्यात काळजीचं काही नाही. वेल मांडवावर चढला की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. घरच्या दुधीचा तुकडा शिजवण्याआधी जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेकून द्या. साखर किंवा मसाला घालून तो कडूपणा झाकायचा नाही. कडू दुधी विषारी असतो. त्याच्या रसाने माणसं दगावलेली आहेत.

कोथिंबीर उगवतच नाही, उगवली तर लगेच तुरा येतो. (नाशिक)

धना अख्खा पेरलात तर उशिरा आणि तुरळक उगवतो, कारण एका धन्यात दोन बिया असतात. पोळपाटावर पसरून लाटण्याने हलकेच रगडा, दोन फाका झाल्या पाहिजेत. पीठ करू नका. रात्रभर भिजत घालून पेरा. मी वर जुनी सोलापुरी चादर ओली करून टाकते आणि कोंब दिसले की त्याच दिवशी काढते. आठ ते बारा दिवस लागतात.

तुरा उकाड्यामुळे येतो, तो थांबवता येत नाही. म्हणून आता एकदम मोठा वाफा करू नका. दर बारा दिवसांनी एक उथळ कुंडी पेरा, फक्त सकाळचं ऊन येईल तिथे ठेवा आणि वीतभर वाढली की मुळासकट उपटून वापरा. दुसऱ्या खुडणीची वाट बघू नका. तुरा आलाच तर राहू द्या. त्यावर मधमाश्या येतात आणि ओल्या हिरव्या धन्यांची चटणी फार छान होते.

मिरचीची पानं आकसली आहेत. शेजारी म्हणतात बोकड्या रोग आहे, उपटून टाका. (नांदेड)

लगेच उपटू नका, आधी पान उलटून बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर बहुधा फुलकिडे असतात. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, पिवळसर बारीक किडे पळताना दिसतील. कडा खाली वळून देठ लांबला असेल तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा घरातला नव्हे, पानांचा रस शोषणारा अतिबारीक जीव. तो डोळ्यांना दिसत नाही. फुलकिड्यांसाठी एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घुसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. सहा दिवसांच्या अंतराने तीनदा. दुपारी फवारलंत तर पानं करपतील. कोळी असेल तर आकसलेले शेंडे खुडून घराबाहेर टाका आणि हेच फवारे द्या. माझी आई राख भुरभुरवायची. त्याने बिघडत काही नाही, पण यावर भिस्त ठेवू नका.

नवी पालवी गव्हाच्या दाण्याएवढी बारीक येत असेल आणि झाड खुजं राहिलं असेल, तर मात्र तो विषाणू. त्यावर औषध नाही. ते झाड लगेच काढा, नाहीतर पांढरी माशी शेजारच्या कुंडीत नेते.

मी न्यू जर्सीत राहते. एप्रिल लागला. इथल्याच दुकानातून मेथी आणि भेंडीचं बी आणलंय. पेरू का? (एडिसन)

मेथी आजच पेरा, पालक आणि कोथिंबीरही. आम्ही ज्या थंडीसाठी दिवाळीपर्यंत थांबतो, ती तुमच्याकडे आत्ता आहे, तिचा फायदा घ्या. भेंडीला मात्र थांबवा. माती २० अंशांच्या आसपास ऊबदार झाल्याशिवाय ती रुजत नाही, कुजते. रात्रीचं दव गोठायचं थांबून दोन आठवडे झाले की, म्हणजे मेच्या उत्तरार्धात, बी रात्रभर भिजवून थेट जमिनीत टोका. तोवर घाई असेल तर मेच्या सुरुवातीला खिडकीत कागदी पेल्यांत रोपं करा आणि पेल्यासकट लावा. भेंडीला मुळं दुखावलेली सोसत नाहीत. कढीपत्त्याची कुंडी घरात असेल तर तीही रात्रीचं तापमान १२-१३ अंशांच्या वर जाईपर्यंत आतच ठेवा.

गच्चीवर शेडनेट परवडत नाही. (लातूर)

मलाही सुरुवातीला परवडत नव्हतं. पश्चिमेच्या बाजूला दोन जुन्या सुती साड्या बांधा, फिकट रंगाच्या. दुपारी बारा ते चार एवढीच सावली हवी. काळ्या कुंड्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळा, मातीवर वाळक्या पानांचा चार बोटं थर द्या. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तरी तांदूळ-डाळ धुतलेल्या पाण्यावर सहा कुंड्या तांदुळजा निघतो. पेरल्यापासून पंचविसाव्या दिवशी पहिली खुडणी.