काळ्या अस्वलांवर काम करायचंय? आधी केस गोळा करायला शिका

नमस्कार,

तुमची मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला अमेरिकेतल्या काळ्या अस्वलांवर काम करायचंय. ‘हे लोक दिवसभर करतात काय आणि त्यांना पगार देतं कोण?’ असं तुम्ही विचारलंय. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

लुइझियाना राज्याचं उदाहरण घेऊ. मिसिसिपीकाठची सखल जंगलं शेतीसाठी तुटत गेली आणि तिथली काळी अस्वलं थोड्याच तुकड्यांत उरली. १९९२ साली ती धोक्यातल्या प्राण्यांच्या केंद्रीय यादीत गेली, २०१६ साली बाहेर आली. मधल्या काळात जे काम झालं, तेच या पेशातलं रोजचं काम.

त्यात अस्वल दिसण्यापेक्षा त्याचे केस मिळण्यावर भिस्त असते. चार-पाच झाडांभोवती गुडघ्याएवढ्या उंचीवर काटेरी तार ताणायची, मधोमध अस्वलाचा पंजा पोचणार नाही असं वासाचं आमिष टांगायचं. अस्वल तारेखालून किंवा वरून जाताना काट्याला केस अडकतात. साधारण आठवड्याने फेरी. प्रत्येक काट्यावरचे केस वेगळ्या कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो आणि डीएनए खराब होतो. नंतर काटा लायटरने जाळायचा, नाहीतर जुना केस नव्या नोंदीत मिसळतो. फेरी लांबली तर ऊन-पाऊसच डीएनए संपवतो. डीएनएवरून कोणतं अस्वल ते ओळखतात, आणि ते कितीदा सापडलं, यावरून पुढे संख्येचा अंदाज बांधतात.

पकडून गळ्यात सिग्नल देणारी कॉलर घालायची असेल तर सापळे सकाळी लवकर तपासतात, कारण उन्हात अडकलेलं अस्वल तापतं. वजनाचा अंदाज चुकला की भुलीचा डोस चुकतो. भुलीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या टायलेटामाइन-झोलाझेपाम या मिश्रणाचा अंमल पूर्ण उतरवणारं औषध नाही. प्राणी आपोआप जागा होईपर्यंत थांबावंच लागतं. भुलीत डोळे उघडेच राहतात, म्हणून मलम आणि वर पट्टी. दर काही मिनिटांनी श्वास आणि ताप बघायचा. ताप चढू लागला की अंगावर पाणी.

हिवाळ्यात काम बदलतं. जानेवारी-फेब्रुवारीत पिल्लं जन्मतात, जेमतेम तीनशे ग्रॅमच्या आसपास. कॉलरच्या सिग्नलवरून मादीची ढोली किंवा जमिनीवरचा निवारा शोधतात. तिला भूल देऊन तपासेपर्यंत पिल्लं जॅकेटच्या आत उबेला ठेवतात. फोटोत दिसतं ते हेच; वर्षातले मोजके दिवस. २००१ ते २००९ या काळात इथे अशा माद्या पिल्लांसकट नव्या जंगलात हलवल्या. एकटी मादी हलवली की ती घराकडे परत निघण्याची शक्यता जास्त. लहान पिल्लं असली की सहसा तिथेच रुळते. युक्ती साधी, पण वेळ अचूक लागते.

बाकीचा वेळ संगणकापुढे आणि माणसांत जातो. अस्वल कचऱ्याच्या डब्याला किंवा पक्ष्यांच्या दाण्याला सोकावलं की तक्रारी सुरू. मग झाकणाला कुलूप असलेले डबे, मधमाश्यांच्या पेट्यांभोवती विजेचं कुंपण, आणि चिडलेल्या लोकांना पटवणं. ज्याला माणसांचा कंटाळा आहे त्याने हे क्षेत्र न निवडलेलं बरं.

आता पगार. अमेरिकेत राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा बराच खर्च शिकारीच्या परवान्यांतून आणि १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरच्या करातून निघतो. लुइझियानात डिसेंबर २०२४ मध्ये अस्वलांची मर्यादित शिकार पुन्हा सुरू झाली. म्हणजे आपण मोजलेल्या आकड्यांवर शिकारीचा कोटाही ठरतो. भारतात वाढलेल्या मुलीला हे चालेल का, एवढं तिला आत्ताच विचारा. शिवाय तिथल्या केंद्रीय नोकऱ्या बहुतांशी नागरिकांनाच मिळतात.

म्हणून वाट अशी धरा: बी.एस्सी., मग डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बेंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) यांपैकी एकीची एम.एस्सी. प्रवेश परीक्षा कठीण, जागा थोड्या, आणि दरवर्षी बॅच असेलच असं नाही. जाहिरात स्वतः बघत राहावी. अमेरिकेतच शिकायचं असेल तर अर्जाआधी प्राध्यापकांना थेट लिहावं. रिसर्च असिस्टंटशिप, म्हणजे प्राध्यापकांच्या संशोधनात मदतनिसाचं काम, मिळाली तर फी सहसा माफ होते आणि विद्यावेतन मिळतं. असिस्टंटशिपशिवाय कर्ज काढून जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही बुलढाण्याचे, म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्य जवळच. तिथलं अस्वल वेगळ्या जातीचं, हिवाळी झोप न घेणारं, आणि अचानक समोर आलं तर जीवघेणं. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिने माग काढायला जाऊ नये. प्राणीगणनेला स्वयंसेवक घेतात तेव्हा नाव द्यावं. तोवर चारचाकी चालवायला शिकावी, आणि बी.एस्सी.ला प्राणिशास्त्रासोबत संख्याशास्त्र देणारं कॉलेज शोधावं.