आजीची बोली पिक्चरमध्ये का नसते?

प्रिय चिऊ,

"मराठी पिक्चरमधली खेड्यातली माणसं आजीसारखी का बोलत नाहीत? आजी चुकीचं बोलते का?" असं तू विचारलंस. आजी अजिबात चुकत नाही. ती बोलते ती अहिराणी, आपल्या धुळे-अमळनेरकडची. पडद्यावर ऐकू येते ती बहुतेक वेळा कोल्हापूर-साताऱ्याकडची बोली.

त्यामागे कारण आहे. प्रभात ही पिक्चर काढणारी कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली. ती पुढे पुण्याला गेली, तरी स्टुडिओ, नट, तंत्रज्ञ यांचं मोठं केंद्र कोल्हापूरच राहिलं. १९५९च्या 'सांगत्ये ऐका'नंतर तमाशापटांची लाट आली आणि पाटील, सरपंच, सोंगाड्या सगळे त्याच वळणानं बोलू लागले. ऐकून ऐकून लोकांना तीच गावाकडची भाषा वाटायला लागली.

आता एखाद्या मालिकेत खान्देशी पात्र आलं, तर कान कुठे द्यायचा ते सांगते. नट 'ळ'चा 'य' करतो, 'डोळा'चं 'डोया' म्हणतो, ते सोपं असतं. खरी परीक्षा क्रियापदात. 'आहे'च्या जागी 'शे' आलं पाहिजे, 'मी जातो'च्या जागी 'मी जास', 'माझी'च्या जागी 'मन्ही'. आजी म्हणेल, "ही मन्ही पोर शे." नट बहुधा म्हणतो, "ही माही पोर हाये." ते झालं वऱ्हाडी. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांमुळे वऱ्हाडी सगळ्यांच्या कानावर असते, म्हणून जीभ आपोआप तिकडे घसरते. आणि मला मनापासून खटकतं ते हे, की अशी बोली बहुतेक नोकराला नाहीतर हसं करायच्या पात्राला देतात. डॉक्टर, शिक्षिका, वकीलही घरी अहिराणी बोलतात. पडद्यावर त्या दिसत नाहीत.

बहिणाबाईंच्या कविता मात्र अहिराणी समजू नकोस, ही गफलत मोठी माणसंही करतात. बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळच्या आसोद्याचा, १८८० सालचा. त्यांची बोली लेवा गणबोली. तिच्यात 'मिळते'चं 'मियते' होतं, 'माले-तुले'ही आहे, पण 'रामाचं घर' हे 'रामाचं'च राहतं. अहिराणीत ते 'रामनं घर' होतं. दोन्ही बोली खान्देशातल्याच.

मालेगावच्या पोरांचे पिक्चर तुला आवडतील. यंत्रमागाच्या त्या गावात हौशी लोकांनी सायकलीवर कॅमेरा धरून ट्रॉलीचं काम भागवलं, बैलगाडीची क्रेन केली. भाषा त्यांची हिंदी-उर्दू, पण ठसका गावचाच. २००८ साली त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आला.

तुला शाळेच्या प्रोजेक्टसाठी आजीचा व्हिडिओ करायचाय ना? "आजी, अहिराणीत बोल" असं म्हणू नकोस. तसं म्हटलं की माणूस सावध होतो आणि शुद्ध मराठी बोलायला लागतो. "आजी, भरीत कसं करतेस?" एवढंच विचार. मग ती आपोआप सांगेल, की वांगं फिकट हिरवं, मोठं आणि कमी बियांचं हवं, ते कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, साल काढून लाकडी बडगीत ठेचायचं, आणि वर ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. मालिकेत जांभळं वांगं गॅसवर ठेवलेलं दिसलं, की समजायचं लेखक आपल्याकडे जेवलेला नाही.

फोन आजीपासून हातभर अंतरावर ठेवायला काकाला सांग. पंखा बंद असू दे, नाहीतर नुसती घरघर येते. मध्ये बोलून तिला दुरुस्त करू नकोस, कळलं नाही तरी "हं" म्हणत राहा. एका वेळी दहा मिनिटं पुरेत, नाहीतर ती थकते. नंतर खाली मराठी ओळी द्यायच्या असतील तर तिचं वाक्य आहे तसं आधी लिहून घे आणि अर्थ त्याच्या खालच्या ओळीत दे. 'शे' खोडून 'आहे' करू नकोस. कुठे अडलीस तर रविवारी आपण दोघी तिला फोन लावून विचारू.

तुझी,
आई