एका दिवसात एकच गाव

मोठ्या शहरात मुक्काम ठेवून आसपासची जुनी, टुमदार गावं सकाळी निघून रात्रीपर्यंत पाहून येण्याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : किती लांबचं गाव एका दिवसात नीट पाहून होतं? अंतर बघावं की प्रवासाचा वेळ?

अंतर तर बाजूलाच ठेवा, पण वेळापत्रकात छापलेल्या वेळेवरही विसंबू नका. मुक्कामाच्या दारातून निघाल्यापासून गावच्या मुख्य चौकात पोचेपर्यंत जो वेळ लागतो, तोच खरा. माद्रिदहून सेगोव्हियाला जलद रेल्वे साधारण अर्ध्या तासात जाते, पण तिचं स्टेशन गावापासून पाच-सहा किलोमीटर बाहेर आहे. तिथून रोमनकालीन जलवाहिनीपर्यंत पुन्हा शहर बस पकडावी लागते, आणि माद्रिदमध्ये गाडीत बसण्याआधी सामानाची तपासणीही असते. साधी बस सव्वा तास घेते, पण गावालगत सोडते. सगळा हिशेब मांडला की दोन्हींत फारसा फरक उरत नाही. रोमहून जाण्यासारखं ओर्व्हिएतो याच्या उलट आहे. स्टेशन दरीत आणि गाव कड्यावर असलं, तरी स्टेशनासमोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोरखंडाने ओढली जाणारी चढणीची छोटी रेल्वे, वर नेते, त्यामुळे चढणीत वेळ जात नाही.

दारापासून चौकापर्यंत एका बाजूला जास्तीत जास्त दोन तास आणि गावात निदान पाच तास, हे प्रमाण आम्ही सुचवतो. त्याहून लांबच्या गावी एक रात्र राहावं, त्याची अशी धावती भेट घेऊ नये.

आखणी परतीच्या गाडीपासून उलटी करत या. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी आपली समजा, शेवटची फक्त अडचणीसाठी राखून ठेवा. रविवारी आणि सणाच्या दिवशी गाड्या कमी असतात, त्यामुळे त्या तारखेचंच वेळापत्रक पाहायला हवं. वाटेत गाडी बदलायची असेल तर जास्त जपा. बव्हेरियातल्या रोथेनबुर्गला जाताना श्टाइनाखला उतरून फाट्यावरची छोटी गाडी धरावी लागते. अशा ठिकाणी पहिल्या गाडीला पाच-दहा मिनिटं उशीर झाला की जोडगाडी निघून जाते आणि पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसावं लागतं. बसने गेलात तर उतरल्याबरोबर परतीचा थांबा शोधून त्यावरच्या वेळांचा फोटो काढा. तो बहुतेक वेळा रस्त्यापलीकडे असतो, कधी कधी तर दुसऱ्याच गल्लीत. संध्याकाळी घाईत शोधताना गाडी चुकते ती इथेच.

प्रश्न : जवळजवळची दोन गावं एकाच दिवशी उरकता येतील का?

उरकता येतील, पाहता येणार नाहीत. दुसरं गाव जोडलं की गाडीची वाट पाहणं, प्रवास आणि नव्या गावात दिशा लागणं, यात तास-दीड तास सहज जातो. हा वेळ पाच तासांतूनच कापला जातो. बदल हवाच असेल तर एका स्टेशनावर उतरून दुसऱ्यावरून परत या. तोक्योहून कामाकुराला जाताना एक स्टेशन आधी, कीता-कामाकुराला उतरायचं. एन्गाकुजी मंदिर स्टेशनाला लागूनच आहे. तिथून केन्चोजी मंदिरावरून पायी मुख्य कामाकुरात पोचता येतं आणि आलेली वाट पुन्हा तुडवावी लागत नाही.

प्रश्न : आम्ही पोचलो तेव्हा संग्रहालय बंद, दुकानं बंद, रस्त्यात चिटपाखरू नाही. कोणत्या वारी जावं?

युरोपात बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. इटली आणि स्पेनच्या छोट्या गावांत दुपारी दुकानं दोन-तीन तास मिटतात, इटलीत अनेक चर्चही. म्हणून आत जाऊन पाहायच्या गोष्टी बारा वाजायच्या आत उरका. दुपार गल्ल्या, नदीकाठ आणि जेवणासाठी ठेवा. जेवणाचं स्वयंपाकघरही लवकर बंद होऊ शकतं, तेव्हा भूक लागायची वाट पाहू नका. आठवडी बाजाराचा दिवस साधला तर गाव जागं दिसतं, मात्र बाजार सकाळचाच असतो आणि त्या दिवशी चौकात गाड्या लावता येत नाहीत. एकाच वास्तूसाठी जाणार असाल तर ती दुरुस्तीसाठी बंद नाही ना, हे आदल्या दिवशी तिच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या.

प्रश्न : सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन जायचं आहे. काय पाहून गाव निवडावं?

आधी नकाशावर उंचीच्या रेषा पाहा. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं जादा, हा गिर्यारोहकांचा जुना हिशेब आहे. वयस्कर माणसांसाठी, थांबत-पाहत जाताना, ताशी दोन किलोमीटरच धरा. गुडघे दुखत असतील तर चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. एकाच बाजूला वाहन मिळणार असेल तर ते उतरताना घ्या. तोलेदोमध्ये तटबंदीपासून वर जायला सरकते जिने आहेत, पण वर पोचल्यावरही गल्ल्या चढ-उताराच्याच आहेत. फ्लोरेन्सहून लुक्काला जाणं त्यापेक्षा सोपं. गाव सपाट आहे, स्टेशन तटाबाहेर अगदी जवळ आहे, आणि सुमारे चार किलोमीटर लांबीच्या रुंद तटबंदीवरून झाडांच्या सावलीत चालता येतं. दगडी फरशीवर पातळ तळव्याच्या चपला नकोत, पाऊस पडल्यावर तर नकोतच.

प्रश्न : प्रत्येक गावात तोच मुख्य रस्ता, तीच भेटवस्तूंची दुकानं. आम्ही काहीतरी चुकतोय का?

चुकत नाही, पण स्टेशनापासून चौकापर्यंतच्या रस्त्यावर सगळेच चालतात, म्हणून दुकानंही तिथेच गर्दी करतात. आधी एवढंच विचारा: हे गाव इथेच का वसलं? नदी पायी ओलांडता येईल असा उतार, पूल, बंदर, दोन वाटांचं मिळणं किंवा राखायला सोपी टेकडी, यांपैकी काहीतरी सापडेलच. मग त्या जागेपासून फिरायला सुरुवात करा. नकाशावर मधल्या भागाभोवती गोल फिरणारा रस्ता दिसला तर तो बहुधा पाडलेल्या तटाची खूण असतो, आणि तो जिथे मोठ्या रस्त्याला छेदतो तिथे वेस असण्याची शक्यता फार. लुक्कात घरांनी वेढलेला एक लंबगोल चौक आहे. ती घरं रोमन प्रेक्षागाराच्या भिंतींवर उभी राहिली, म्हणून चौकाला तो आकार आला. हे ठाऊक असेल तर तिथे दहा मिनिटांऐवजी अर्धा तास रेंगाळता.

उजेडाचाही विचार करा. जुन्या चर्चचं मुख्य दार बहुतेकदा पश्चिमेला असतं, त्यामुळे दर्शनी भाग दुपारनंतर उजळतो. ओर्व्हिएतोच्या कॅथेड्रलवरची सोनेरी मोझॅइकं सकाळी सावलीत मंद दिसतात, दुपारी उन्हात झळाळतात. अरुंद बोळांत मात्र ऊन डोक्यावर आल्यावरच उतरतं. मनोरा चढायचा असेल तर सकाळी पहिल्या तासात चढा. बेल्जियममधल्या ब्रूजच्या घंटाघराला ३६६ पायऱ्या आहेत आणि जिना अरुंद आहे, वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांसाठी थांबत राहतात. शिवाय वरून गावाचा आकार एकदा डोळ्यांत बसला की नकाशा फारसा काढावा लागत नाही.

प्रश्न : भाड्याच्या मोटारीने गेलो तर वेळ वाचेल ना?

आडगावी वाचेल. रेल्वेवरच्या जुन्या गावात क्वचितच, कारण पार्किंग शोधण्यातच तो वेळ जातो. इटलीत एक मोठा धोका आहे. जुन्या गावांच्या मधल्या भागात अनेकदा परवान्याशिवाय मोटार नेता येत नाही. पाटीवर लाल वर्तुळ आणि ‘झोना त्राफिको लिमितातो’ असं लिहिलेलं असतं. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी मोटार कंपनीमार्फत घरी येते. दरवेळी आत शिरलात की वेगळा दंड लागतो, म्हणून रस्ता चुकून दोनदा फिरलात तर दोनदा भरावा लागतो. मोबाइलवरचा नकाशा दर वेळी सावध करेल असं नाही. तेव्हा हॉटेलचा पत्ता किंवा चौकाचं नाव न टाकता तटाबाहेरच्या सार्वजनिक वाहनतळाचं नाव टाका आणि तिथून चालत जा.