अडखळणारं शाईपेन

प्रश्न : मुलीसाठी नवं शाईपेन आणलं. पहिलं अक्षर उमटतच नाही, मग ओळ नीट जाते. पेन बदलून घ्यावं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, इतक्यात बदलू नका. कारखान्यातलं तेल नव्या निबेवर राहिलेलं असतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब टाका, निब आणि तिच्याखालची जीभ त्यात धुवा, मग साध्या पाण्याने खळबळून रात्रभर सुकू द्या. उकळतं पाणी अजिबात नको, पेन एबोनाइटचं (कडक केलेल्या रबराचं) असेल तर त्याचा रंग उतरतो.

तरीही अडखळलं तर भिंगातून निब बघा. मधली चीर टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी आणि दोन्ही पाती एका पातळीत हवीत. एक वर, एक खाली असेल तर निब कागदावर खरवडते. अशी निब मात्र दुकानदाराकडूनच बदलून घ्या. घरी पॉलिश पेपरवर घासू नका, टोकावरचा कठीण धातूचा मणी एकदा झिजला की परत येत नाही.

शाई कोणती घातलीत? कॅम्लिनची रॉयल ब्लू उत्तम. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई चुकूनही नको. अकरावीत मी ती वडिलांच्या पेनात भरली होती. त्यातली लाख आत वाळली आणि ते पेन पुन्हा कधी लिहितं झालं नाही. अजून हळहळ वाटते.

पुढे कधी चांगलं पेन घ्यायचं झालं, तर आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीची हाताने घडवलेली एबोनाइटची रत्नम पेनं जरूर पाहा. दुकानात स्वतःचा वहीचा कागद न्या आणि मुलीलाच लिहून बघू द्या.