शस्त्रक्रिया झाली, तरी तपासणी कशासाठी?

प्रश्न : माझ्या मुलीला जन्मतः टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा हृदयदोष होता, चौथ्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. आता ती 26 वर्षांची असून चाटी गल्लीतील कापड दुकानात हिशेब पाहते. कसलाही त्रास नाही. लग्नाची बोलणी चालू आहेत. तरी नियमित तपासणी हवी का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : होय, आयुष्यभर. या शस्त्रक्रियेत हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील छिद्र बंद करून फुप्फुसाकडे जाणारा अरुंद मार्ग रुंद करतात. त्यामुळे तेथील झडप पुष्कळदा गळकी राहते आणि परतणाऱ्या रक्ताने हृदयाचा उजवा खालचा कप्पा, रुग्णाला काहीही न जाणवता, वर्षानुवर्षे ताणत जातो. म्हणूनच जन्मजात हृदयदोषांवरील 2018 च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी केवळ मूळ दोषाची रचना न पाहता सध्याची शारीरिक स्थितीही जमेस धरली. तक्रार नसलेल्यांनाही एक ते दोन वर्षांतून एकदा तज्ज्ञांची भेट सांगितली आहे. ईसीजी व इको (हृदयाची सोनोग्राफी) सोलापुरात होतील, मात्र कप्प्याचे आकारमान अचूक मोजण्यासाठी हृदयाचा एमआरआय लागतो. 2020 च्या युरोपीय तत्त्वांनुसार तक्रार नसतानाही हे आकारमान ठरावीक मर्यादेपलीकडे वाढत गेल्यास नवी झडप बसवण्याचा विचार होतो. काही रुग्णांत ती कॅथेटरद्वारे, म्हणजे रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीने, बसवता येते.

लग्नाला आडकाठी नाही. गरोदरपणापूर्वी मात्र हृदयतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांचा सल्ला घ्यावा. सासरच्या मंडळींपासून हे लपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धडधड किंवा भोवळ आल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नका. जुन्या शस्त्रक्रियेची कागदपत्रेही सोबत न्या.